बाईचं काम मोजलं गेलं, पण पगार कुणाच्या हातात?

गेल्या काही वर्षांत एक आकडा वारंवार बातम्यांत येतो. देशातल्या १५ वर्षांवरच्या बायकांपैकी किती जणी काम करतात किंवा काम शोधतात, याचा तो आकडा. केंद्र सरकारच्या श्रमबल सर्वेक्षणानुसार २०१७-१८ मध्ये तो २३.३ टक्के होता, २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्के झाला. सहा वर्षांत एवढी उडी! ऐकून कुणालाही वाटेल, बायकांना भराभर नोकऱ्या लागल्या. आनंद व्हावा अशीच गोष्ट आहे, पण आधी आकड्याच्या पोटात शिरून बघायला हवं.

हा आकडा बनतो कसा? सर्वेक्षणवाला घरी येतो आणि घरातल्या प्रत्येकाला त्याच्या कामानुसार एक क्रमांक देतो. पगारी नोकरी असेल तर ३१. स्वतःचा धंदा असेल तर ११. घरच्याच शेतीत किंवा दुकानात पैसे न घेता राबणारी असेल तर २१. फक्त घरकाम करणारी असेल तर ९२. घरकाम करून शिवाय सरपण गोळा करणारी, घरच्यांचे कपडे शिवणारी असेल तर ९३. यातल्या ९२ आणि ९३ या बायका 'काम करणाऱ्यां'त धरल्या जात नाहीत. २१ क्रमांकाची मात्र धरली जाते.

म्हणजे एकाच गल्लीतल्या दोघी जावा घ्या. एकीच्या घरी म्हैस आहे, दूध डेअरीला जातं. ती शेण काढते, वैरण टाकते, धार काढते. तिचा क्रमांक २१, ती कामकरी. दूधाचे पैसे नवऱ्याच्या खात्यात जमा होतात. दुसरी रानातून सरपण आणते, सासूचं दुखणं काढते, मुलांचे कपडे शिवते. तिचा क्रमांक ९३, ती कामाच्या बाहेर. दोघीही पहाटे पाचला उठतात. दोघींच्याही हातात महिनाअखेरीला स्वतःचा म्हणावा असा रुपया नसतो.

वर्षातून तीस-एक दिवस जरी असं काम केलं तरी ती वार्षिक आकड्यात येते, हेही लक्षात ठेवायला हवं. २०२५ पासून हेच सर्वेक्षण दर महिन्यालाही आकडे देऊ लागलं. तिथे फक्त मागच्या आठवड्यात काय केलं एवढंच विचारतात, म्हणून तो आकडा कमी दिसतो. एप्रिल २०२५ मध्ये तो ३४.२ टक्के होता. वर्तमानपत्रात दोन वेगवेगळे आकडे वाचून गोंधळ होतो, त्याचं कारण हे.

आता खरी गोम. काम करणाऱ्या म्हणून मोजलेल्या बायकांपैकी स्वयंरोजगारवाल्या २०१७-१८ मध्ये निम्म्याच्या जरा वर होत्या, त्या २०२३-२४ मध्ये ६७ टक्क्यांवर गेल्या. त्यातही घरच्या शेतीत वा धंद्यात बिनपगारी राबणाऱ्या ३७ टक्क्यांच्या आसपास. याच काळात नियमित पगाराच्या नोकरीवर असलेल्या बायकांचं प्रमाण मात्र २१ टक्क्यांवरून १६ टक्क्यांच्या आसपास घसरलं. गावाकडच्या कामकरी बायकांपैकी तीनचतुर्थांशांहून जास्त शेतीतच आहेत. शहरात तर १५ वर्षांवरच्या शंभर बायकांत जेमतेम २८ जणी काम करतात किंवा शोधतात.

मोजणी सुधारली असेल तर ते चांगलंच आहे. शेतात राबणाऱ्या बाईला 'घरीच असते' म्हणणं बंद व्हायलाच हवं होतं. पण मोजली गेली म्हणून तिच्या हाती पैसा आला असं होत नाही. म्हणून कामाच्या संधीबद्दल बोलताना तीन साधे प्रश्न विचारत राहायला हवेत. कामाचा मोबदला तिच्या नावावर येतो का? ते काम घरापासून पोचण्याइतक्या अंतरावर आणि तिला जमेल अशा वेळेत आहे का? आणि ती बाळंत झाली, तर त्याचा खर्च कोण उचलतो?

पहिल्या प्रश्नासाठी ऊसतोडीकडे बघू.

बीड, अहिल्यानगर, जालना, धाराशिव या भागांतून दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे लाखो माणसं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला जातात. या धंद्यात मजूर मोजायचं एकक आहे 'कोयता'. एक कोयता म्हणजे एक नवरा-बायको. एकटा पुरुष आला तर तो अर्धा कोयता. मुकादम हंगामाआधी जी उचल देतो, ती जोडप्याला मिळून देतो आणि ती घेतो पुरुष. हिशोब टनावर. मग फडात काय चालतं? तो ऊस तोडतो, ती पाचट काढते, मोळी बांधते, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढते. गाडी रात्री बाराला आली तर रात्री बाराला भरायची. त्याआधी आणि त्यानंतर कोपीवर, म्हणजे तात्पुरत्या झोपडीवर, चूल, पाणी, पोरं. दिवस भरला नाही की 'खाडा', आणि खाड्याचा दंड उचलीत मिळवला जातो. पाळीच्या त्रासानं एक दिवस बसलेल्या बाईचाही खाडा होतो. बीडमध्ये ऊसतोड करणाऱ्या तरुण बायकांच्या गर्भपिशव्या मोठ्या प्रमाणावर काढल्या गेल्याचं उघड झालं, तेव्हा २०१९ मध्ये राज्य सरकारला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. त्या प्रकरणामागे बरीच कारणं आहेत, पण खाड्याची भीती हे त्यातलं एक ठळक कारण होतं.

इथे बाईला काम नाही असं कुणी म्हणू शकत नाही. काम भरपूर आहे, तेही जीव काढणारं. पण मजूर म्हणून तिचं वेगळं अस्तित्वच नाही. ती अर्धा कोयता आहे. अशा बाईसाठी 'रोजगाराची संधी' म्हणजे नवं काम शोधून देणं नव्हे. आहे त्याच कामात तिची स्वतंत्र नोंद, तिच्या हिश्शाचे पैसे तिच्या खात्यात, पाळीच्या आणि बाळंतपणाच्या दिवसांचा खाडा बंद, आणि मागे राहणाऱ्या मुलांसाठी गावात वसतिगृह. संत भगवानबाबांच्या नावानं ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी सरकारी वसतिगृहांची योजना आली आहे. मुलगी वसतिगृहात राहून शिकली तर तिच्या हाती कोयता येणं टळू शकतं. पैशाची विभागणी मात्र अजून मुकादमाच्या वहीतच अडकलेली आहे, आणि माझ्या मते पहिला बदल तिथेच व्हायला हवा.

दुसरा प्रश्न, अंतराचा आणि वेळेचा. केंद्राच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणारी बाई दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्यात घालवते. घरकाम करणारा पुरुष ८८ मिनिटं. जवळजवळ पाच तास तिचे आधीच बांधलेले असतात, तेही एका तुकड्यात नाही. सकाळी डबे, दुपारी पाणी येतं त्या वेळेला हजर राहणं, संध्याकाळी पोरांचा अभ्यास. या तुकड्यांच्या मधे बसेल असंच काम ती धरते. म्हणून ती शिवणकाम घेते, गावातल्या अंगणवाडीत मदतनीस होते, शेजारच्या सोसायटीत पोळ्या लाटायला जाते. तालुक्याच्या गावी दुप्पट पगार मिळत असला तरी जाऊन-येऊन तीन तास एसटीत गेले तर तिच्यासाठी ती नोकरी नसल्यात जमा.

लिज्जत पापडाची गोष्ट याच अंगानं वाचून बघा. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातल्या एका चाळीच्या गच्चीवर सात गुजराती बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. पुढे हजारो मराठी, गुजराती आणि इतर भगिनी त्यात आल्या. तिथल्या कामाची रीत अशी, की सकाळी केंद्रावर जाऊन मळलेलं पीठ घ्यायचं, घरी जाऊन सवडीनं लाटायचं, वाळवायचं, दुसऱ्या दिवशी पापड जमा करून लाटणावळ घ्यायची आणि नवं पीठ घेऊन परतायचं. ने-आण करायला संस्थेची गाडी. पैसे थेट बाईच्या हातात. इथे बाईला कामाच्या साच्यात कोंबलं नाही, काम तिच्या दिवसात बसवलं. माझ्या दृष्टीनं या संस्थेचं खरं डोकं तिथे आहे.

पण या वाटेला मर्यादाही आहे. घरात बसून केलेल्या कामातून बढती नसते, आजारपणाची रजा नसते, कौशल्य वाढवून दुसरीकडे जायची सोय फारशी नसते. म्हणून घराबाहेरच्या कामापर्यंत पोचण्याची वाटही सोपी करावी लागते. मार्च २०२३ पासून राज्यात बायकांना एसटीचं तिकीट निम्म्या दरात मिळतं. अनेकांना ही नुसती सवलत वाटते. पण रोज तालुक्याला जाणाऱ्या बाईच्या हिशोबात तिकीट अर्धं होणं म्हणजे जी नोकरी परवडत नव्हती ती परवडायला लागणं. अर्थात गाडीच वेळेवर नसेल, किंवा शेवटची गाडी साडेसहालाच सुटत असेल, तर अर्ध्या तिकिटाचाही उपयोग नाही.

तमिळनाडूकडून यात शिकण्यासारखं आहे. देशातल्या कारखान्यांत काम करणाऱ्या दर दहा बायकांपैकी चारच्या आसपास एकट्या त्या राज्यात आहेत. श्रीपेरुंबुदूरच्या मोबाइल कारखान्यांत गावाकडच्या हजारो मुली काम करतात. त्यांच्या राहण्याची, ने-आण करण्याची सोय उद्योगाच्या आणि सरकारच्या आखणीतच धरलेली असते. नोकरदार बायकांसाठी सरकारनं 'तोळी' नावाची वसतिगृहं उभी केली आहेत. त्या वसतिगृहांतल्या राहणीबद्दल, बंधनांबद्दल तक्रारीही झाल्या आहेत, त्या खऱ्या आहेत. तरीही मुद्दा उरतोच. आपल्या चाकण-रांजणगावला येणाऱ्या मुलीला पहिला प्रश्न पडतो तो राहायचं कुठे हा. सुरक्षित खोली मिळाली नाही की घरचे नोकरीचं नावच काढू देत नाहीत.

आता तिसरा प्रश्न. याच्यावर सगळ्यात कमी बोललं जातं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मुंबईच्या कापड गिरण्यांत १९२० च्या दशकात जवळपास दर पाच कामगारांमागे एक बाई होती. रीलिंग, वाइंडिंग ही सूत गुंडाळायची खाती म्हणजे बायकांचीच. १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात बाळंतपणाच्या रजेचं विधेयक आलं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेव्हा कायदेमंडळाचे सदस्य होते. त्यांनी विधेयकाला पाठिंबा दिला. बाळंतपणाआधी आणि नंतर बाईला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, असं ते म्हणाले. आणि आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली, की या खर्चाचा मोठा भार खरं तर सरकारनं उचलायला हवा, कारण लोकांचं कल्याण ही सरकारची जबाबदारी आहे. मात्र बाईच्या श्रमातून मालकाला फायदा होतो, तेव्हा त्यालाही पूर्ण मोकळं सोडता येणार नाही.

१९२९ मध्ये कायदा झाला. देशातला या प्रकारचा तो पहिला कायदा. भार टाकला गेला तो मालकावर. गिरणीमालकांनी हिशोब केला. एका बाजूला बाळंतपणाचा खर्च, दुसऱ्या बाजूला बायकांना रात्रपाळी लावता येत नाही हा नियम, त्यात नवी यंत्रं. बायकांची भरती हळूहळू थांबली. पुढच्या पन्नास वर्षांत गिरण्यांतलं बायकांचं प्रमाण अगदी नगण्य उरलं. कायदा वाईट होता असं मुळीच नाही. बाळंतिणीला रजा मिळायलाच हवी. पण पैसे कुणी द्यायचे या एका कलमानं रजेचा हक्क आणि नोकरी या दोन गोष्टी एकमेकींविरुद्ध उभ्या केल्या.

२०१७ मध्ये पगारी बाळंतपणाची रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली. पहिल्या दोन मुलांसाठी इतकी मोठी रजा देणारे देश जगात थोडेच. पण सहा महिन्यांचा पूर्ण पगार पुन्हा मालकावरच. दहा-बारा माणसांचं ऑफिस चालवणारा मग मुलाखतीत 'लग्न झालंय का, पुढचा विचार काय' असं विचारतो, किंवा काही न विचारता दुसऱ्या उमेदवाराला घेतो. बाईला कळतही नाही की आपल्याला का नाकारलं.

यावर उपाय आपल्याकडेच आहे. कर्मचारी राज्य विमा योजना, म्हणजे ईएसआय, हिच्यात महिना २१ हजारांपर्यंत पगार असलेले कामगार येतात. मालक प्रत्येक कामगारामागे पगाराच्या सव्वातीन टक्के भरतो, कामगार पाऊण टक्का. कामगार पुरुष असो वा बाई, भरणा सारखाच. बाई बाळंत झाली की २६ आठवड्यांचे पैसे या सामायिक निधीतून मिळतात, मालकाच्या खिशातून नाही. म्हणजे बाईला कामावर घेतलं म्हणून मालकाचा खर्च वाढत नाही. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये जे मांडलं, त्याच्या बरीच जवळ जाणारी ही व्यवस्था आहे. २१ हजारांवर पगार असलेल्या बाईसाठी मात्र असा निधी नाही. तिथे सरकार, मालक आणि कामगार यांचा मिळून निधी उभा राहिला, तर मुलाखतीतला तो न बोललेला नकार पुष्कळ कमी होईल असं मला ठामपणे वाटतं. बाळाच्या बापालाही सक्तीची रजा द्यावी. मग 'रजेवर जाणारी' ही ओळख फक्त बाईला चिकटणार नाही.

हे तिन्ही प्रश्न एका जागी सोडवायचा प्रयत्न महाराष्ट्रानंच पन्नास वर्षांपूर्वी केला होता. १९७२ च्या दुष्काळात लाखो माणसं खडी फोडायला, पाझर तलावाच्या कामावर गेली. तासगाव तालुक्यात वि. स. पागे यांनी आधीच मांडून बघितलेली कल्पना त्या दुष्काळात राज्यभर पसरली, आणि रोजगार हमीचा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. मागेल त्याला काम. शक्यतो घरापासून जवळ. बाई-पुरुषाला सारखा दर. कामावर पिण्याचं पाणी, सावली, लहान मुलांसाठी सोय. या अटी कागदावर साध्या दिसतात. पण त्यामुळेच बायका कामावर मोठ्या संख्येनं आल्या. विधवा, टाकलेल्या, नवरा मुंबईला असलेल्या, कुणाच्या मागे न जाता आपल्या नावानं हजेरीपटावर आल्या. हजेरीपटावर नाव असणं काय असतं, हे कोयत्यातल्या बाईकडे बघितलं की कळतं.

या योजनेचे पैसे कुठून आले हेही सांगायला हवं. शहरातल्या पगारदारांच्या पगारातून आजही जो व्यवसाय कर कापला जातो, तो १९७५ मध्ये रोजगार हमीसाठीच सुरू झाला. मंत्रालयातल्या कारकुनानं आणि दादरच्या बँकेतल्या अधिकाऱ्यानं दर महिन्याला आपला वाटा देऊन माणदेशातल्या बाईच्या मजुरीची तजवीज केली. (२०२३ पासून महिना २५ हजारांपर्यंत कमावणाऱ्या बायकांना हा कर माफ आहे, पगारपत्रकात कापला जात असेल तर विचारून घ्या.) पुढे २००५ मध्ये केंद्रानं याच धर्तीवर देशभरासाठी कायदा केला, त्यात एकतृतीयांश कामं बायकांसाठी ठेवली. प्रत्यक्षात निम्म्याहून जास्त काम बायकांनी केलं. काम जवळ असेल, दर सारखा असेल आणि पैसे खात्यात येणार असतील, तर बायका मागे राहत नाहीत. 'आमच्या गावच्या बायकांना बाहेर पडायची सवयच नाही' असं म्हणणाऱ्यांना एवढं उत्तर पुरेसं आहे.

मजुरी झाली. स्वतःचा धंदा करायचा तर भांडवल लागतं, आणि बँक तारण मागते. देशातल्या शेतीच्या खात्यांपैकी सुमारे १४ टक्केच बायकांच्या हाती आहेत, असं २०१५-१६ च्या कृषिगणनेत दिसलं. महाराष्ट्रानं १९९४ मध्येच मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाबरोबरीचा हक्क दिला, केंद्रानं २००५ मध्ये. तरीही भाऊबीजेच्या आधी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात हक्कसोडपत्र होतं आणि बहीण सही करून येते. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं 'लक्ष्मीमुक्ती' नावानं बायकोच्या नावे जमीन करून द्यायची मोहीम चालवली होती. त्या वेळी गावोगावच्या पुरुषांनी सातबाऱ्यावर बायकोचं नाव चढवलं. कायदा तेव्हा मागे होता आणि माणसं पुढे. आज कायदा पुढे आहे.

सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडची गोष्ट इथे सांगण्याजोगी आहे. रस्त्याकडेला लोहारकाम करणाऱ्या एका बाईला पावसाळ्याआधी पालावर प्लास्टिक टाकायला थोडे थोडे पैसे साठवायचे होते, पण एवढ्याशा रकमेचं खातं उघडायला बँक तयार नव्हती. तिथे काम करणाऱ्या कार्यकर्त्या चेतना सिन्हा यांनी गावातल्या बायकांना घेऊन बँकच काढायचं ठरवलं. रिझर्व्ह बँकेनं पहिला अर्ज परत पाठवला, कारण प्रवर्तक बायका अंगठेबहाद्दर होत्या. बायकांनी रात्रीचे वर्ग लावून अक्षरं गिरवली आणि मग मुंबईला जाऊन अधिकाऱ्यांनाच सांगितलं, आम्हाला लिहितावाचता येत नव्हतं, पण हिशोब येतो. कुठलीही रक्कम सांगा, व्याज तोंडी काढून दाखवतो, तुमच्या साहेबांना कॅल्क्युलेटरशिवाय काढायला सांगा. १९९७ मध्ये माण देशी महिला सहकारी बँक उभी राहिली. पुढे बँकेची माणसं बाजारात बाईच्या पाटीपाशी जाऊन पैसे गोळा करू लागली, कारण धंदा सोडून बाई बँकेत येऊ शकत नाही.

आता वाचणाऱ्यांपैकी कुणाला हे घरात किंवा ऑफिसात लगेच लागू करायचं असेल तर थोडं. ५० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला पाळणाघर द्यावं लागतं, आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता येतं. लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती हवी. त्याहून कमी असतील तर, आणि घरकाम करणाऱ्या बायकांसाठीही, जिल्हा पातळीवर स्थानिक समिती असते, आणि २०१३ च्या कायद्यानं तिथे थेट अर्ज करता येतो. दूध डेअरीचं खातं बाईच्या नावानं उघडून घेता येतं, त्यासाठी संस्थेत तिला सभासद करून घ्यावं लागतं. आणि बहिणीचं हक्कसोडपत्र तयार असेल, तर सहीच्या आधी तिला एकदा विचारा, तिला हे खरंच करायचं आहे का.